‘पण तुम्ही स्वतः क्विअर आहात का?’ वाचन-लेखन गटात हा प्रश्न आला तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. क्विअर, म्हणजे समलिंगी किंवा लिंग-लैंगिकतेच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या माणसांच्या, कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्यांचा तुमचा एक गट आहे. एका सदस्याने आपल्या कथेचा खर्डा वाचायला दिला. दोन स्त्रियांची प्रेमकथा, शेवटी त्यातली एक मरते. एक वाचक भडकली, ‘पुन्हा मेलीच का?’ म्हणाली. दुसऱ्या कुणीतरी लेखकाला सगळ्यांसमोर विचारलं, ‘पण तुम्ही स्वतः क्विअर आहात का?’ लेखकाने उत्तर दिलं नाही आणि काही दिवसांनी गट सोडला. आता गटात दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, यापुढे फक्त क्विअर लेखकांचंच लेखन चर्चेला घ्यावं. दुसऱ्यांचं म्हणणं, साहित्यात असली बंधनं नसतात. नियम कोणता करावा, असं तुम्ही विचारताय.

नियमाचं नंतर बघू. आधी त्या दिवशी काय झालं ते सोडवून पाहायला हवं, कारण तुमच्याकडे एक भांडण झालेलं नाही. तीन झालीत आणि ती एकमेकांत गुंतलीत. शेवट असा का, हे पहिलं. हे लिहिण्याचा हक्क कुणाचा, हे दुसरं. तिसऱ्याबद्दल तुमच्या प्रश्नात जेमतेम एक वाक्य आहे आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे: एका माणसाला भर बैठकीत आपली लैंगिकता जाहीर करायला सांगितलं गेलं. तट पहिल्या दोन भांडणांवरून पडलेत. गट मोडला तर तो तिसऱ्यामुळे मोडेल.

क्विअर साहित्याचे वाचनगट आणि लेखनाच्या कार्यशाळा चालवणं, लोकांचे खर्डे संपादित करणं हे माझं बरीच वर्षं चालत आलेलं काम. तरीही काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगायला हवं. गट बंद आहे की कुणीही येऊ शकतं, सगळे प्रौढ आहेत की अठराखालची मुलंही आहेत, तुम्ही समोरासमोर भेटता की फोनवरच बोलता, सदस्य राहतात तिथे कायदा आणि घरचे लोक कितपत सोबत आहेत, यावर उत्तर बदलतं. त्याहून महत्त्वाचं, गट कशासाठी आहे? वाचण्यासाठी, लेखन सुधारण्यासाठी, की एकमेकांना आधार देण्यासाठी? बहुतेक गट तिन्ही करू पाहतात आणि सदस्य मात्र आपल्या मनातला एकच हेतू धरून येतात. तुमची भडकलेली वाचक बहुधा आधार शोधत आली होती, लेखक लेखन सुधारायला. दोघांचंही काही चुकलेलं नाही.

आता त्या प्रश्नाकडे. विचारणाऱ्याला वाटतं, आपण साधी माहिती विचारली. समोरच्याच्या बाजूने बघा. ‘हो’ म्हटलं, तर त्याने ठरवलेल्या वेळेआधी आणि कदाचित भलत्याच माणसांसमोर सांगून टाकलं. ‘नाही’ म्हटलं, तर ते खरं असेल किंवा स्वतःला वाचवायला मारलेली थाप असेल, पण दोन्ही बाबतींत त्याच्या कथेचं वजन त्या क्षणी घटलं. ‘मला अजून नक्की कळलेलं नाही’ हे उत्तर असणारे तर पुष्कळ, पण ते अनोळखी माणसांत कोण बोलून दाखवणार? आणि गप्प बसलं, तर गप्प बसण्याचा अर्थ इतर लोक लावतात. शेतीवर कथा लिहिणाऱ्याला ‘तुम्ही कधी नांगर धरलाय का?’ विचारलं तर तो फार तर ओशाळेल. इथे उत्तरामुळे घर, नोकरी, चालू संसार पणाला लागू शकतो.

आणि क्विअर लेखनाचं एक वेगळेपण आहे, ते इतर विषयांना इतकं लागू होत नाही. खूप लोक कुणालाही काही सांगण्याआधी कथेतून इथवर येतात. आधी वाचतात, मग टोपणनावाने लिहितात, मग कधीतरी स्वतःशी कबूल करतात. माझ्याकडे येणाऱ्या नव्या लेखकांत ही वाट मला सतत दिसते. ‘एका मित्राची गोष्ट आहे’ म्हणून दिलेला खर्डा, तिसऱ्या-चौथ्या फेरीत ‘तो’ जाऊन ‘मी’ येणं, आणि मधल्या काळात कुणीही काही न विचारणं. न विचारणं हा त्यातला सर्वांत उपयोगी भाग. तुमच्या लेखकाचं काय आहे ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि कथा वाचण्यासाठी दोघांनाही त्याची गरज नाही.

हा प्रश्न मोठ्या वर्तुळात कुठे नेतो, याची दोन उदाहरणं जाहीर आहेत. जानेवारी २०२० मध्ये ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या विज्ञानकथांच्या मासिकात एक कथा आली. ट्रान्स लोकांची, म्हणजे जन्माच्या वेळी नोंदलेल्या लिंगाशी ज्यांची स्वतःची ओळख जुळत नाही अशांची, टिंगल करणारा इंटरनेटवरचा एक जुना विनोद तिच्या शीर्षकात मुद्दाम घेतला होता. लेखिकेचं नाव नवं, परिचय जवळजवळ नाही. ही कुणा द्वेष्ट्याची खोडी असणार, असं अनेकांनी ठरवून टाकलं, त्यात कथा न वाचलेलेही होते. लेखिका स्वतः ट्रान्स होती, फक्त तिने तोवर ते जाहीर केलेलं नव्हतं. तिच्याच विनंतीवरून कथा मागे घेतली गेली. पुढच्या वर्षी तीच कथा ह्युगो या विज्ञानकथांच्या मोठ्या पुरस्काराच्या अंतिम यादीत होती, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. दुसरं उदाहरण बेकी अल्बर्टाली यांचं. गे मुलाच्या प्रेमावरची त्यांची किशोर कादंबरी २०१५ मध्ये आली आणि गाजली. ‘विषमलैंगिक बाई आमच्या गोष्टी विकते’ हा आरोप काही वर्षं चालला. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी आपण बायसेक्शुअल (स्त्री-पुरुष दोघांकडेही ओढ असणारी) असल्याचं जाहीर लिहिलं, आणि ते आनंदाने नव्हे, सततच्या छाननीमुळे लिहावं लागलं, हेही लिहिलं. दोन्हीकडे क्विअर लेखनाची राखण करायला निघालेल्या लोकांनी क्विअर लेखकालाच कोंडीत पकडलं होतं.

‘फक्त क्विअर लेखक’ हा नियमही कुणी आधी केला नाही असं नाही. अमेरिकेतल्या क्विअर साहित्यासाठीच्या लॅम्डा पुरस्कारांनी २००९ मध्ये स्वतःला एलजीबीटी (लेस्बियन, गे, बायसेक्शुअल, ट्रान्स) म्हणवणाऱ्या लेखकांपुरतीच स्पर्धा मर्यादित केली आणि २०११ मध्ये बहुतेक विभागांसाठी ती अट काढून आशयावर भर दिला. लेखिका कोरीन डायव्हिस यांनी २०१५ मध्ये ‘ओन व्हॉइसेस’ हा हॅशटॅग सुरू केला तो ज्यांचा लेखक स्वतः आपल्या पात्रासारख्याच उपेक्षित गटातला आहे अशी पुस्तकं वाचकांनी एकमेकांना सुचवावीत म्हणून. बघता बघता तो जाहिरातीचा शिक्का झाला आणि लेखकांकडून खासगी गोष्टी वदवून घेण्याचं साधनही. २०२१ मध्ये मुलांच्या पुस्तकांत विविधता यावी म्हणून काम करणाऱ्या ‘वुई नीड डायव्हर्स बुक्स’ या संस्थेने तो शब्द वापरणं थांबवलं. तुमच्या गटाने या वाटेने जायचं ठरवलं, तर लगेच पुढचा प्रश्न येतो: तपासणार कोण आणि कशावरून? मला तरी याचं सभ्य उत्तर सापडलेलं नाही.

पण म्हणून प्रश्न विचारणाऱ्या सदस्याला दुष्ट ठरवू नका. त्याच्या मागे एक खरी तक्रार असते आणि ती ऐकली गेली नाही तर ती पुन्हा याच वाकड्या वाटेने बाहेर येते. जपानमध्ये १९९२ साली एका स्त्रीवादी पत्रिकेत मासाकी सातो या गे कार्यकर्त्याने पुरुष-पुरुष प्रेमाच्या ‘याओई’ कथांवर टीका केली. या कथा मुख्यतः स्त्रिया लिहीत आणि स्त्रियाच वाचत. त्याची तक्रार अशी की, या कथांमधले पुरुष देखणे, गुळगुळीत, आणि आमच्या जगण्याशी काही संबंध नसलेले आहेत. तुम्ही आमची चित्रं बनवून पाहत बसता. वाद अनेक वर्षं चालला, स्त्रियांनीही जोरदार उत्तरं दिली: या कथा तुमच्याबद्दल नाहीतच, आमच्या इच्छांबद्दल आहेत. मला यात रस आहे तो एवढ्यासाठी की, सातोच्या तक्रारीतला धारदार भाग पानावर दाखवता येतो. पात्राला नोकरी आहे का, वय आहे का, जगाची भीती आहे का, शरीर आहे की नुसता देखावा, हे बोट ठेवून सांगता येतं. त्यासाठी लेखिका कोण आहे हे ठाऊक असावं लागत नाही.

माझी भूमिका तिथेच येऊन थांबते. लेखकाकडून ओळखपत्र मागायचं नाही. वाचकाचा अनुभव मात्र पुरेपूर वापरायचा, आणि तो वापरायचा कथेवर.

हे प्रत्यक्षात कसं करायचं? समजा खर्ड्यात अशी ओळ आहे:

‘मीनाने दार उघडलं. समोर सुजाता. मीनाने एकदा जिन्याकडे पाहिलं आणि मग तिला आत घेतलं.’

एक वाचक म्हणते, ‘लेस्बियन बायका अशा घाबरत नाहीत. लेखकाला काही माहीतच नाही.’ या वाक्याचं लेखक काय करणार? एकतर मान खाली घालणार, नाहीतर भांडणार. माझ्या गटात मी अशा वेळी थांबवून विचारते-विचारतो असली उलटतपासणी न करता एवढंच सांगायचं ठरलेलं आहे: ‘हेच ओळीवर बोट ठेवून सांगा.’ मग तीच वाचक म्हणते, ‘मीना जिन्याकडे बघते. तिला नेमकी कुणाची भीती आहे ते पुढच्या कुठल्याच पानावर आलं नाही, म्हणून ती भीती मला वरून चिकटवल्यासारखी वाटली.’ हे दुरुस्त करता येण्यासारखं आहे. आणि मग, तिला वाटलं तर, ती आणखी एक पाऊल पुढे जाते: ‘मी अशा घरात राहिलेय. आम्ही जिन्याकडे बघायचो नाही. समोरच्या दाराची कडी वाजते का, ते ऐकायचो.’

बघा, हे शेवटचं वाक्य म्हणजे सोनं आहे. तिचा अनुभव इथे लेखकाला गप्प करायला आला नाही, एक बारकावा देऊन गेला. लेखकाने तो घ्यावा की न घ्यावा हे त्याचं. कदाचित त्याची मीना जिन्याकडेच बघेल, कारण तिची सासू खालच्या मजल्यावर राहते. पण मग ती सासू कथेत यायला हवी.

तथ्यांच्या चुकांचंही असंच. ट्रान्स पुरुष (जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदलेला पुरुष) पात्राने टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचं पहिलं इंजेक्शन घेतलं आणि पंधरवड्यात त्याचा आवाज भरदार झाला, असं वाचायला मिळतं. आवाज उतरायला महिने लागतात, पूर्ण स्थिरावायला वर्ष-दोन वर्षंही. उलट दिशेने, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घेतल्याने ट्रान्स स्त्रीचा फुटलेला आवाज बारीक होत नाही. ती आवाजावर मेहनत घेते, सराव करते. आणि त्या सरावात कथेला केवढा मजकूर आहे! एचआयव्हीचं तेच. १९८५ मधलं पात्र निदानानंतर लवकर मरणं समजण्यासारखं आहे. १९९६ नंतर एकत्रित औषधोपचार आले. आज नियमित औषधं घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत सापडत नाही इतका कमी झालाय, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. आजच्या काळातली कथा निदानाच्या पानावरच शोकांतिका सुरू करत असेल, तर औषधं का मिळाली नाहीत हे तिला सांगावं लागेल. हे सगळं कुणीही, कुणालाही, काहीही वैयक्तिक न विचारता सांगू शकतं.

बैठकीची रचना लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेच्या पद्धतीवरून घेता येते. तिने १९९० मध्ये ती मांडली आणि आता ती लेखनातही वापरतात. आधी वाचक सांगतात, कथेतलं काय मनात राहिलं. मग लेखक स्वतःचे प्रश्न विचारतो. मग वाचक प्रश्न विचारतात, पण प्रश्नात मत लपवायचं नाही. आणि अगदी शेवटी मत, तेही परवानगी घेऊन: ‘शेवटाबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचंय?’ तिसरी पायरी सगळ्यांना जड जाते. ‘तिला मारलंच का?’ हा प्रश्न नव्हे, तो निकाल आहे. ‘हा शेवट ठरवताना तुमच्यासमोर आणखी कोणते शेवट होते?’ हा प्रश्न आहे, आणि यावर लेखक खरंच बोलू लागतो.

या पद्धतीत मी एक भर घातली आहे, कारण क्विअर गटात ती तशीच्या तशी पुरत नाही. ज्या वाचकाला कथा लागलीय, तिला चौथ्या पायरीपर्यंत परवानगीची वाट बघायला लावणं क्रूर आहे. म्हणून सुरुवातीलाच एक फेरी: वाचताना मला काय झालं. वाक्य ‘मला’ने सुरू करायचं, लेखकाने या फेरीत उत्तर द्यायचं नाही, दुसऱ्या कुणी त्यावर टिप्पणी करायची नाही. ‘मला हे वाचून राग आला, मी पुस्तक फेकलं’ हे चालतं. ‘तुम्ही’ने सुरू होणारं काही चालत नाही. राग पहिल्या दहा मिनिटांत बोलून झाला, की तो पुढे टीकेचं सोंग घेऊन येत नाही.

आता शेवटाचं भांडण. इथे मला दोन्ही बाजूंचं पटतं, म्हणून जरा लांबण लावावी लागेल.

‘पुन्हा मेलीच का?’ म्हणणारी वाचक तुमच्या लेखकाच्या कथेला उत्तर देत नव्हती. आजवर वाचलेल्या सगळ्या मेलेल्या बायकांच्या वतीने ती बोलत होती, आणि हे चर्चा चालवणाऱ्याने तिथल्या तिथे मोठ्याने म्हणायला हवं. त्या बायका नुसत्या लेखकांच्या मर्जीने मेलेल्या नाहीत. १९५२ मध्ये अमेरिकेत मॅरिजेन मीकर यांनी व्हिन पॅकर या टोपणनावाने ‘स्प्रिंग फायर’ ही दोन तरुणींच्या प्रेमाची स्वस्त आवृत्तीतली कादंबरी लिहिली. संपादकाने आधीच बजावलं होतं की शेवट सुखाचा चालणार नाही. पुस्तकं टपालाने जात, आणि समलिंगी प्रेमाला उत्तेजन देणारं पुस्तक टपालखातं अडवेल ही भीती होती. मग एक नायिका वेडी होऊन इस्पितळात गेली आणि दुसरीला कळलं की आपलं तिच्यावर प्रेम नव्हतंच. त्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथ यांनीही टोपणनावाने एक कादंबरी काढली, तिच्यात दोघी जिवंत राहतात आणि एकत्र येण्याची आशा शिल्लक असते. त्यांना वाचकांची पत्रं ढिगाने आली. स्वतःच्या नावावर ते पुस्तक यायला मात्र १९९० उजाडलं. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी दोन पुरुषांच्या प्रेमाची ‘मॉरिस’ ही कादंबरी १९१३-१४ मध्येच लिहून ठेवली होती. शेवट सुखाचा असलाच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता, आणि त्या सुखामुळेच ती छापणं अवघड होतं. ती आली १९७१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

हा इतिहास अंगात मुरलेली वाचक ‘बास आता’ म्हणते, तेव्हा ती नाजूक नाही, ती चांगली वाचलेली आहे.

पण यावरून ‘क्विअर पात्र मरता कामा नये’ असा नियम निघत नाही. लोक मरतात, त्यातले काही क्विअर असतात, आणि शोकाची कथा लिहिण्याचा हक्क काढून घेणं ही पुन्हा एक टपालखात्याचीच अट होईल. दुःखान्त खर्डा माझ्या हाती आला की मी काही गोष्टी तपासून पाहीन. मृत्यू कथेच्या आतून आला की ट्रक येऊन धडकला? पात्र मेल्यावर कथा कुणाची उरते? तिच्या मरणातून कुणीतरी विषमलैंगिक नातेवाईक शहाणा होतो, एवढंच तर तिचं काम नव्हतं ना? आणि सर्वांत आधी, दोघींच्या सुखाला किती पानं दिलीत? पुष्कळ खर्ड्यांत पहिलं चुंबन आणि अपघात यांच्यामध्ये अर्धं पान असतं. अशा वेळी शेवट बदलण्याची गरज नसते, मधला भाग वाढवण्याची असते. दोघी बिनमहत्त्वाच्या गोष्टीवरून भांडतायत, एकीला दुसरीच्या घोरण्याचा वैताग येतोय, असं काही आलं की मग मृत्यूलाही वजन येतं. आणि गंमत म्हणजे, तो मधला भाग लिहून झाल्यावर काही लेखक आपणहून शेवट बदलतात.

वाचकाला पूर्वसूचना द्यावी का, हा वाद तुमच्याकडे लवकरच येईल, म्हणून आत्ताच सांगणं बरं. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे चाहत्यांच्या लेखनाचं संकेतस्थळ २००९ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे चार ठरावीक इशारे आहेत, त्यातला एक नेमका ‘मुख्य पात्राचा मृत्यू’. पण ‘इशारे न देण्याचा निर्णय लेखकाने घेतला आहे’ असाही एक पर्याय आहे. मला ही योजना फार शहाणपणाची वाटते. लेखकाचं रहस्य राहतं, आणि वाचकाला एवढं कळतं की इथे काहीही असू शकतं, ठरवा. तुमच्या गटात खर्ड्याच्या वर एक ओळ पुरेल. उघड शरीरसंबंधाचे प्रसंग असतील तर ते फक्त प्रौढांच्या बैठकीत, आणि मोठ्याने न वाचता ज्याने त्याने आधी वाचून यावेत.

इथवरचं थोडक्यात: लेखकाची ओळख विचारायची नाही, वाचकाचा राग आधी आणि वेगळा ऐकायचा, आणि मग सगळी धार पानावर. आता ज्या गोष्टींकडे गट सहसा दुर्लक्ष करतात त्या.

एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणा. मराठीत ‘तू म्हणालास’ की ‘तू म्हणालीस’ यातच समोरच्याचं लिंग ठरवून टाकलं जातं. ‘तुम्ही म्हणालात’मध्ये ते ठरवावं लागत नाही. ट्रान्स किंवा नॉन-बायनरी (स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणाऱ्या) सदस्याला पहिल्याच बैठकीत खुलासा करत बसावं लागू नये, याचा हा सर्वांत सोपा उपाय. ज्यांना एकेरी हवंय ते आपणहून सांगतात, आणि कोणतं एकेरी तेही. स्वतःबद्दल बोलताना मात्र वर्तमानकाळातली साधी क्रियापदंही उघडं पाडतात. या उत्तरात माझ्याकडून ते टाळलं गेलंय, आणि त्यापायी एका वाक्याची कशी वाताहत झाली ते वर तुम्ही पाहिलंच असेल. प्रथमपुरुषी निवेदन करणाऱ्या पात्राचं लिंग झाकायचं असेल, तर लेखकाला हीच कसरत पानोपानी करावी लागते. तुमच्या गटात यावर एक अख्खी बैठक होऊ शकेल.

टोपणनाव ही पवित्र गोष्ट समजा, आणि ते फाइलमधून फुटतं हे लक्षात ठेवा. वर्डच्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखकाचं खरं नाव बसलेलं असतं, समासातल्या कॉमेंटवरही ते दिसतं. गूगल डॉक्समध्ये स्वतःच्या खात्यातून कॉमेंट केली की खात्याचं नाव सगळ्यांना दिसतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर इतर सदस्यांपुढे उघडा असतो. म्हणून खर्डे तुमच्याकडे यावेत, तुम्ही नाव काढून पीडीएफ करून पुढे पाठवावेत. त्या पीडीएफच्या प्रॉपर्टीजही एकदा उघडून बघा. बैठकीचे फोटो आणि स्क्रीनशॉट नकोत, आणि हा नियम मोडणाऱ्याला दुसरी संधीही नको. बाकी सगळ्या नियमांत मी सैल राहीन, यात नाही.

खऱ्या माणसांचं गुपित कथेत येणं हा याचाच दुसरा भाग. उर्दू लेखिका इस्मत चुगताई यांची १९४२ ची ‘लिहाफ’ ही नवाबाची उपेक्षित बेगम आणि तिची दासी यांच्या नात्याची कथा ऐकीव माहितीवर बेतलेली होती. अश्लीलतेचा खटला लाहोरला चालला आणि त्या सुटल्या. ज्या बाईवरून ती कथा सुचली, तिची नंतर कधीतरी त्यांच्याशी गाठ पडली. तिने नवाबाला सोडून दुसरं लग्न केलं होतं, तिला मुलगा झाला होता, आणि ती रागावलेली नव्हती. हे चुगताईंनीच आठवणींत लिहिलंय. तुमच्या सदस्यांच्या वाट्याला अशी उदार बेगम येईलच असं नाही. मित्राची कहाणी घेताना नुसतं नाव बदलून भागत नाही. गाव, व्यवसाय, भावंडांची संख्या, ओळखू येणारा एखादा प्रसंग बदला. मित्राच्या आईने वाचली तर तिला शंका येईल का, एवढं स्वतःला विचारा.

आता लगेच करण्याच्या गोष्टी. गट सोडलेल्या लेखकाला तुम्ही खासगीत लिहा, छोटंसं. ‘त्या दिवशी तुम्हाला विचारलेला प्रश्न विचारायला नको होता आणि तो मी तिथेच थांबवायला हवा होता. तुम्ही त्याचं उत्तर देणं लागत नाही, आत्ताही नाही. तुमचा खर्डा सगळ्यांकडून परत घेतला आहे. यावंसं वाटलं तर जागा आहे.’ एवढंच. परत या म्हणून गळ घालू नका, आणि गटात त्यांच्याबद्दल अंदाज सुरू झाले तर तिथेच तोडा.

ज्यांनी प्रश्न विचारला त्यांच्याशी एकट्याने बोला. ‘तुम्हाला कथेतलं नेमकं काय खोटं वाटलं?’ एवढंच विचारा आणि मग ऐका. बहुतेक वेळा त्यांच्याकडे दोन-तीन अचूक निरीक्षणं असतात, ती बोलायला जागा न मिळाल्याने सगळी त्या एका प्रश्नात कोंबलेली असतात. भडकलेल्या वाचकाला मात्र ‘जरा सांभाळून बोला’ असं सांगायला जाऊ नका. तिला सांगा की तिच्या रागासाठी पुढच्या बैठकीपासून वेगळी फेरी ठेवलीय.

फक्त क्विअर लोकांचा गट हवा, असं काहींचं म्हणणं असेल तर त्यात गैर काही नाही, तशी जागा लागतेच. पण ती आधाराची जागा म्हणून वेगळी उघडा. ‘मी इथला किंवा इथली आहे’ हे स्वतःच म्हणणं पुरेसं धरा, आणि ‘अजून ठरवतोय-ठरवतेय’ असणाऱ्यांनाही त्यात घ्या. खर्ड्यांवरची चर्चा मात्र खुल्या गटातच राहू द्या. दोन्हीकडे असणारे बरेच निघतील.

पुढच्या बैठकीला ती कथा घेऊ नका, तिचा लेखक तिथे नाही. एखादी छापील, जुनी, शेवटावरून वाद होईल अशी कथा निवडा, जिचा लेखक हयात नाही. नवी पद्धत आधी त्याच्यावर करून बघा, त्याला काही लागायचं नाही.